रस्ता चांगला आहे

मागच्या फेब्रुवारीत ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या मुलीचा डान्सचा कार्यक्रम होता, म्हणून हेटाय हेरिटेज सेंटरला गेले होते. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरममध्ये राहून आठ वर्षं झाली तरी आत पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. जुनं विटांचं चर्च आहे ते, आता तिथं कार्यक्रम होतात, बसायला अजून चर्चचे जुने लाकडी बाक आहेत, खिडक्यांना रंगीत काचा. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, जांभळट रंगाची हॅट, मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली पर्स, आणि अंगाला कसल्यातरी पावडरचा मंद वास. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, काही न विचारता, आमच्याकडं देवळात कुणी म्हातारी शेजारणीच्या हातावर खडीसाखर ठेवते तशी. मग कुठून आलीस, लांबून आलीस का, असं सुरू झालं. मी म्हणलं, नाही हो, जवळच राहते, फ्रीवेनं आले, सात मिनिटं लागली फक्त. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "हो बेबी, रस्ता चांगला आहे. आमच्या अंगणातूनच जातो."

तेवढ्यात हॉलमधले दिवे गेले आणि मुली स्टेजवर आल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा तर अजिबातच नव्हता, पत्ता सांगावा तसं सांगितलं त्यांनी. कार्यक्रमभर माझं लक्ष लागलं नाही. संपल्यावर गर्दीत त्या दिसेनाश्या झाल्या आणि मी गाडीत बसून त्याच फ्रीवेनं सात मिनिटांत घरी आले.

हा रस्ता म्हणजे एकशे सत्तेचाळीस, डरम फ्रीवे. मी डरमच्या पश्चिमेला राहते आणि ऑफिस आरटीपीत, म्हणजे रिसर्च ट्रँगल पार्क या कंपन्यांच्या वसाहतीत, त्यामुळं माझा दिवस याच रस्त्यावर सुरू होतो आणि याच रस्त्यावर संपतो. आता २०२२ पासून पुढच्या तुकड्याला ८८५ म्हणतात पण आम्ही सगळे अजून एकशे सत्तेचाळीसच म्हणतो. सासू-सासरे पहिल्यांदा आले तेव्हा एअरपोर्टवरून याच रस्त्यानं आणलं त्यांना, सासूबाई काचेला नाक लावून बघत होत्या आणि म्हणत होत्या किती मोकळं आहे गं सगळं. धाकट्याच्या वेळी ऑफिसातच कळा सुरू झाल्या, भर दुपारी, आणि नवऱ्यानं मला याच रस्त्यानं हॉस्पिटलात नेलं, मी डोळे मिटून टायरखालचे सांधे मोजत होते, टक-टक, टक-टक. आम्ही वेळेत पोचलो. त्या रस्त्याचे माझ्यावर उपकार आहेत असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं आणि आजही वाटतं. ते चर्चचं टोकदार शिखरही मी रोज बघायची, डाउनटाउनच्या जवळ आलं की रस्त्याच्या कडेला दिसतं. काहीतरी जुनं चर्च आहे एवढंच मनात यायचं, तेही सिग्नल नसल्यामुळं दोन सेकंदच.

हेटाय म्हणजे डरममधली जुनी ब्लॅक वस्ती. नाव हैतीवरून पडलंय, स्पेलिंग थोडं वेगळं आणि उच्चार हे-टाय. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतःचा देश उभा केला तो हैती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि सुटलेली माणसं डरमच्या तंबाखूच्या कारखान्यांत काम मिळेल म्हणून रेल्वेच्या रुळांच्या दक्षिणेला येऊन राहिली. नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव लागावं यात केवढी हिंमत आहे, मला तर ते नाव आता नुसतं उच्चारतानाही काहीतरी होतं. १८६९ साली एडियन मार्कम नावाचा एक प्रचारक इथं आला, स्वतः गुलामीतून आलेला, आणि त्यानं झाडाच्या फांद्यांचा मांडव घालून प्रार्थना सुरू केली. त्या मांडवाचं पुढं सेंट जोसेफ चर्च झालं, १८९१ची ती विटांची इमारत, जिच्या बाकावर मी पेपरमिंट चघळत बसले होते. तिथल्या रंगीत काचांमध्ये एका गोऱ्या म्हाताऱ्याचंही चित्र आहे, वॉशिंग्टन ड्यूक, तंबाखूचा मोठा मालक, कारण त्यानं देणगी दिली होती. मालकाचं चित्र मजुरांच्या चर्चमध्ये. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी त्या काचेकडं खूप वेळ बघत उभी राहिले, राग यावा की काय वाटावं कळेना. देणगी खरी होती, चर्च उभं राहिलं हेही खरं, आणि तो पैसा कुणाच्या हातांनी कमावला होता हेही खरंच की.

मी निपाणीची. तंबाखू म्हणलं की मला काही वाचावं लागत नाही. माझी आजी वखारीत जायची, तंबाखू चाळायला, काड्या निवडायला, आणि संध्याकाळी परत आली की तिच्या लुगड्याला, केसांना, तिनं केलेल्या भाकरीलासुद्धा तो वास असायचा, उग्र आणि थोडासा गोड. पदर नाकाला बांधून दिवसभर बसायच्या त्या बायका, तरी रात्री खोकायच्या. आजी मला जवळ घ्यायची तेव्हा मला शिंक यायची आणि ती हसायची. इथं डरमच्या कारखान्यांतही ब्लॅक बायकांच्या वाट्याला हेच काम होतं, पानाची मधली शीर काढून टाकायची, धूळ, उकाडा, सगळ्यात कमी मजुरी. सिगारेट बनवायच्या मशिनवरची जरा बरी कामं गोऱ्यांकडं. म्हणजे माझ्या आजीनं आणि हेटायमधल्या कुणाच्या तरी आजीनं एकच धूळ खाल्ली, समुद्राच्या दोन टोकांना. हे मला आठ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं याचं फार वाईट वाटलं.

पण हेटाय म्हणजे फक्त मजुरांची वस्ती नव्हती, आणि ते कळलं तेव्हा मी जास्त हलले. जॉन मेरिक नावाचा माणूस, १८५९चा, गुलामीतच जन्मलेला, पुढं न्हावी झाला, ड्यूक मंडळी त्याची गिऱ्हाइकं, बघता बघता त्यानं सलूनची दुकानं वाढवली. त्याच्या जोडीला डॉ. एरन मूर, गावातले पहिले ब्लॅक डॉक्टर. यांनी आणि आणखी काही जणांनी मिळून १८९८ साली विम्याची कंपनी काढली, नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल. पुढं मूरांचे भाचे सी. सी. स्पॉल्डिंग यांनी ती वाढवली, देशातल्या ब्लॅक लोकांच्या मोठ्यात मोठ्या कंपन्यांत तिची गणना व्हायला लागली. सुरुवात कशी, तर आठवड्याला काही सेंट. एजंट दारोदार जाऊन गोळा करायचा. आजारपणात हाताला काहीतरी मिळावं आणि मेल्यावर नीट पुरलं जावं यासाठी लोक ते सेंट बाजूला काढायचे. हे वाचताना मला आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आठवली, साखरेच्या डब्यात ठेवलेली ती घडी घातलेली नोट. कंपनी होती त्याच पॅरिश स्ट्रीटवर मग बँक आली, मेकॅनिक्स अँड फार्मर्स, १९०७ची, जी १९२९ नंतरच्या मंदीत भल्याभल्या बँका बुडाल्या तरी टिकली आणि अजून आहे. हेटायमध्ये १९०१ साली लिंकन हॉस्पिटल झालं, कारण गोऱ्यांच्या हॉस्पिटलात धड उपचार मिळत नव्हते. १९१० साली जेम्स शेपर्ड यांनी कॉलेज सुरू केलं, तीच आजची सेंट्रल युनिव्हर्सिटी. १९१३ साली डॉ. मूरांनी व्हाइट रॉक चर्चच्या तळघरात लायब्ररी सुरू केली, कारण गावातल्या लायब्ररीत ब्लॅक मुलांना जाता येत नव्हतं. एकेक करून, जे मिळू देत नव्हते ते सगळं त्यांनी स्वतःच उभं केलं. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, ब्लॅक लोकांचे मोठे विचारवंत, हे बघून गेले आणि १९१२ साली भारावून त्यावर लिहिलं.

पेटिग्रू स्ट्रीट आणि फेटव्हिल स्ट्रीट म्हणजे बाजार. बिल्टमोर हॉटेल, शेजारी रीगल थिएटर, औषधाची दुकानं, शिंपी, सलून, खानावळी. गोऱ्यांच्या हॉटेलात उतरू देत नसत म्हणून बाहेरगावचे ब्लॅक गायक-वादक बिल्टमोरला उतरायचे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, कारण अशा जागांबद्दल बोलताना आपण सगळं सोनेरी करून टाकतो. हेटायमध्ये खूप गरिबी होती. बऱ्याच गल्ल्यांना डांबर नव्हतं, पाऊस पडला की चिखल. लाकडी घरं, एकामागे एक खोल्या, कित्येकांना घरात संडास नाही, भाडेकरू बरेच आणि घरमालक दुरुस्ती करणार नाहीत, त्यात काही मालक ब्लॅकसुद्धा होते. बँकेतले साहेब आणि कारखान्यातल्या मजूर बायका एकाच वस्तीत राहत असले तरी एकाच पंगतीला होते असं नाही. पण त्या गल्ल्यांना डांबर का नव्हतं? कर भरत होतेच की लोक. नगरपालिकेनं वर्षानुवर्षं रस्ते केले नाहीत आणि मग तीच नगरपालिका म्हणाली की वस्ती फार वाईट अवस्थेत आहे, पाडायला पाहिजे.

१९४९च्या हाउसिंग कायद्यानंतर केंद्र सरकारचे पैसे अशा कामांसाठी यायला लागले, अर्बन रिन्युअल म्हणून. डरममध्ये १९५८ साली त्यासाठी कमिशन नेमलं. तेव्हाच शेजारी आरटीपी उभं राहत होतं, १९५९चं, आणि डाउनटाउनपासून तिकडं जायला फ्रीवे हवा होता. पैशासाठी १९६२ साली मतदान झालं. मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट इथं आहे. हेटायच्या पुढाऱ्यांनी आणि लोकांनी या योजनेच्या बाजूनं मत दिलं. त्यांच्या मतांशिवाय ती पासच झाली नसती. का दिलं? कारण सांगितलं होतं की नवी पक्की घरं मिळतील, दुकानांसाठी नवा बाजार होईल, पाणी, गटारं, रस्ते, सगळं. ज्यांनी विमा कंपनी काढली, बँक चालवली, हॉस्पिटल उभं केलं त्या व्यवहारी माणसांनी हिशोब करूनच विश्वास ठेवला असणार. चिखलातून शाळेत जाणाऱ्या पोरांकडं बघून एखाद्या आईनं मत दिलं असणार. मी तिच्या जागी असते तर मीही दिलं असतं.

पाडायचं काम वेगात झालं. बांधायचं झालंच नाही, निदान सांगितलं होतं तसं तरी नाही. साठीच्या दशकात सुरू झालं ते पुढं दहा-बारा वर्षं चालूच राहिलं, ४,००० च्या वर कुटुंबं हलली, आणि ५०० च्या आसपास धंदे. मला हा ५००चा आकडा जास्त जाणवतो, कारण घर हललं की माणसं कुठंतरी राहतातच, पण शिंप्याचं दुकान हललं की गिऱ्हाईक हलत नाही. काही दुकानदारांना पत्र्याचे गाळे दिले, तात्पुरते म्हणून, त्याला लोक टिन सिटी म्हणायला लागले. तात्पुरतं या शब्दाचं काय होतं ते मुंबईत ट्रान्झिट कॅम्पात म्हातारं झालेल्या कुणालाही विचारा. ते गाळे वर्षानुवर्षं तिथंच होते आणि बाकीचे बरेच धंदे त्या आधीच बंद पडले.

आणि व्हाइट रॉक चर्च. १६ फेब्रुवारी १९६० ला मार्टिन लूथर किंग तिथं बोलले होते, शेजारच्या ग्रीन्सबरोत कॉलेजच्या पोरांनी गोऱ्यांच्या काउंटरवर बसून सत्याग्रह सुरू केला त्याला दोन आठवडे झाले होते. किंग म्हणाले तुरुंगाला घाबरू नका, तुरुंग भरून टाका. जेल भरो! आपल्या कानाला किती ओळखीचं आहे ते. १९६७ साली ते चर्च पाडलं, फ्रीवेच्या वाटेत येत होतं म्हणून. मंडळी पुढं दुसरीकडं नवं चर्च बांधून राहिली, पण ती जागा गेली. त्या जागेवरून मी रोज पासष्टच्या स्पीडनं जाते, बहुतेक वेळा स्टँडअप मीटिंग कानात चालू असते.

हे लिहिताना क्रेस्ट स्ट्रीटही आठवलं पाहिजे. फ्रीवे पश्चिमेला, म्हणजे माझ्या घराच्या बाजूला वाढवायचा होता तेव्हा तिथं अजून एक ब्लॅक वस्ती होती, क्रेस्ट स्ट्रीट. हेटायचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी सत्तरीच्या शेवटी लढा दिला, वकील गाठले, आणि शेवटी रस्ता झाला पण सगळी वस्ती एकत्र, शेजार न मोडता, जवळच हलवली गेली. म्हणजे करता येत होतं. रस्ताही करता येत होता आणि माणसंही सांभाळता येत होती.

आमची टीम डिनरला जाते ती अमेरिकन टोबॅकोला. १९८७ला कारखाना बंद झाला, नंतर जुन्या विटा, तुळया, सगळं जपून २००४ साली नवं केलं, आता तिथं ऑफिसं आणि रेस्टॉरंट, मधून खेळवलेलं पाणी, वर लकी स्ट्राइकची चिमणी आणि पाण्याची टाकी संध्याकाळी उजळलेली. फार सुंदर जागा आहे, मलाही आवडते, पाहुण्यांना आवर्जून दाखवते. त्या विटांना हात लावला की मला वखार आठवते. पण आता दर वेळी मनात येतं की मालकाच्या कारखान्याची वीट न वीट जपली, त्यात काम करणारी बाई संध्याकाळी ज्या रस्त्यानं घरी जायची तो रस्ता मात्र नाही जपला. चालत दहा-पंधरा मिनिटांवर होतं तिचं घर.

यात मी कुठं उभी आहे हे मला नीट सांगता येत नाही. मी कुणाचं घर पाडलं नाही. मी आले तेव्हा सगळं होऊन पन्नास वर्षं होत आली होती. पण आम्ही इथं येऊ शकलो ते १९६५च्या इमिग्रेशन कायद्यामुळं, आणि तो कायदा येऊ शकला तो ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीनं सगळं वातावरण बदललं म्हणून. म्हणजे ज्या लोकांनी तुरुंग भरले त्यांच्यामुळं माझ्यासाठी दार उघडलं, आणि नेमक्या त्याच वर्षांत त्यांची स्वतःची दारं बुलडोझरखाली जात होती, आणि त्या जागेवर जो रस्ता झाला त्यानं मी नोकरीला जाते. आमच्या घरच्या गप्पांमध्ये, मंडळाच्या गणपतीत, कुठंही हे कधी निघत नाही. उलट नवीन आलेल्याला पहिला सल्ला काय, तर घर अमुक भागात घे, त्या बाजूला नको गं, तिकडं सेफ नाही. त्या बाजूला म्हणजे फेटव्हिल स्ट्रीटच्या बाजूला. मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं आणि मीही पुढं दोन-तीन जणींना सांगितलंय. ते आठवलं की आता पोटात कसंतरी होतं.

मे महिन्यात सेंटरमध्ये परत एक कार्यक्रम होता, कुणाच्या ओळखीचा नव्हता, मी आपली गेले. त्या आजी भेटतील असं वाटलं होतं की नाही माहीत नाही, पण होत्या. त्याच बाकावर, या वेळी पिवळी हॅट. मला त्यांनी ओळखलं नाही, पण पेपरमिंट दिली. मी म्हणलं तुम्ही अंगणाबद्दल बोलला होतात. त्या हसल्या, म्हणाल्या मी सगळ्यांनाच सांगते गं ते. कार्यक्रम संपल्यावर त्यांचा भाचा उशिरा येणार होता, मी विचारलं सोडू का. फ्रीवे पलीकडं, डाउनटाउनच्या कडेला राहतात त्या. मी सवयीनं फ्रीवेकडं वळायला लागले तर त्यांनी स्टिअरिंगजवळ नुसता हात नेला आणि म्हणाल्या, वरून नको, गावातून जाऊ.

मग त्या रस्ता सांगायला लागल्या. आमच्याकडं जुनी माणसं सांगतात ना, पूर्वी जिथं पाटलांची विहीर होती तिथून डावीकडं, अगदी तसंच. इथं शिंप्याचं दुकान. इथं ती बाई गोड पाई विकायची, रताळ्याच्या, रविवारी रांग लागायची. इथं वडलांनी मला पहिल्यांदा बूट घेतले. मी बघत होते तिथं गवत होतं, पार्किंग होतं, एक बंद पडलेलं शॉपिंग सेंटर होतं. त्या मात्र भरभर सांगत होत्या, एकही दुकान चुकू नये अशा घाईनं, आणि मी गाडी हळूहळू चालवत होते कारण मला वाटत होतं वेग वाढवला तर मधलं काहीतरी राहून जाईल. फ्रीवे जिथं ओलांडतो तिथं त्या गप्प झाल्या. आठवडाभर पाऊस पडून गेला होता, काच खाली केली होती, गाड्यांचा तो एकसारखा आवाज आत आला. त्यांनी बोट दाखवलं, नेमकं, कुठल्यातरी एका लेनकडं. "तिथं पेरूएवढ्या पीचचं झाड होतं," असं काहीसं म्हणाल्या, पेरू हा शब्द माझा, त्यांनी मुठीनं आकार दाखवला होता. "आई म्हणायची कच्चे तोडू नका, आम्ही तोडायचो."

मी विचारलं, झाडाचं काय झालं?

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं, आणि म्हणाल्या की घराचं सगळे विचारतात. मागून एक गाडी आली होती, हॉर्न दिला नाही तिनं, थांबून राहिली. पुढं रेल्वेचे रूळ दिसत होते आणि पेटिग्रू स्ट्रीटची पाटी. आजींनी पर्स उघडली, आणखी एक पेपरमिंट काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, चल, आता डावीकडं रीगल येईल.